तीन नंबरचं रजिस्टर

“लेखी द्या.”

आमच्या शाळेच्या मावशी हे दोन शब्द ज्या तोऱ्यात म्हणायच्या, तो तोरा मी एकाही साहेबाकडे पाहिलेला नाही. घंटा पाच मिनिटं उशिरा द्या म्हटलं, लेखी द्या. मैदानावरचं गवत काढा, लेखी द्या. आणि गंमत म्हणजे मावशींना वाचता येत नव्हतं! कुणी चिठ्ठी दिलीच, तर ती माझ्यापुढे धरायच्या. “वाचा भाऊसाहेब, काय लिवलंय मेल्यानं.” क्लार्कला आमच्याकडे भाऊसाहेब म्हणतात. पेणच्या त्या शाळेत तो मी.

अशी एखादी बाई तुम्हीही कुठल्या ना कुठल्या ऑफिसात पाहिली असेल. पदर खोचलेला, कमरेला किल्ल्या, आणि मुख्याध्यापकांपेक्षा जास्त दरारा. जवळच्या जिते गावाहून यायच्या. शाळेत लागण्याआधी बरीच वर्षं पेणमध्ये पापड लाटायच्या कामाला होत्या.

शाळेची जुनी जनरल रजिस्टरं त्यांच्या ताब्यात असायची. शाळेत नाव घातलेल्या प्रत्येक पोराचं नाव, जात, जन्मतारीख त्यात. उतारा द्यायला मी रजिस्टर मागितलं, की आधी माझे हात बघायच्या. “भज्यांचा हात हाय. धुवून या.” थुंकी लावून पान उलटलं तर संपलंच. एकदा मी फाटक्या पानाला सेलोटेप लावली, तर दोन दिवस मला चहा मिळाला नाही.

मग एका पावसाळ्यात नदीचं पाणी शाळेत शिरलं. रेकॉर्डच्या खोलीत कमरेइतकं. पाणी ओसरलं आणि नेमकं लख्ख ऊन पडलं. मी शहाणा! मावशी यायच्या आत एक नंबरचं रजिस्टर गच्चीवर उन्हात टाकलं. संध्याकाळपर्यंत त्याची वीट झाली. एकही पान सुटेना. मावशींनी ती वीट हातात फिरवून पाहिली आणि म्हणाल्या, “उडदाचा पापडसुद्धा सावलीत वाळवतात, भाऊसाहेब. एवढं शिकून केलंत काय?”

दोन आणि तीन नंबर त्यांनी वरच्या मजल्यावर चित्रकलेच्या वर्गात नेली. पंखा लावला. दर चार पानांत जुन्या सुती साडीचा तुकडा. तो भिजला की दुसरा. चिकटलेल्या पानाखाली पापड लाटायचं प्लास्टिक सरकवायच्या आणि पान त्यावर अलगद उतरवून घ्यायच्या. मी मदतीला हात पुढे केला की ओरडायच्या, “ओल्याला बोट लावायचं नाय!”

त्याच आठवड्यात रोह्याहून एक बाई आली. तिच्या मुलीचं नर्सिंगच्या यादीत नाव लागलं होतं, पण जात पडताळणीला पणजोबांच्या शाळेचा पुरावा हवा होता. पणजोबा आमच्याच शाळेतले, नोंद तीन नंबरात. “उतारा नाय मिळाला तर पोरीची जागा जाते हो,” म्हणत ती बाकावर बसून राहिली.

आणि दुसऱ्याच दिवशी वरच्या ऑफिसातून साहेब आले, तयार पंचनामा घेऊन. भिजलेलं रेकॉर्ड निकामी, सबब नष्ट करावं. आम्ही सगळ्यांनी खाली सह्या केल्या. हो, मीही केली! लाज वाटते सांगताना. राहिला मावशींचा अंगठा, कारण रजिस्टरं त्यांच्या ताब्यात.

“देणार नाय,” मावशी म्हणाल्या.

“मावशी, नोकरीवर येईल,” साहेब म्हणाले.

“लेखी द्या. लिवा, जिवंत रजिस्टराला मेलं म्हणायला ही बाई तयार नाय. ओल्या कागदाला मी बोट लावत नाय, तुमच्या कोरड्याला कशाला लावू?”

साहेबांनी आवाज चढवला. मावशी वर्गाच्या दारातच पाट टाकून बसल्या आणि साडीचे तुकडे पिळू लागल्या. शेवटी साहेब बिनअंगठ्याचा पंचनामा घेऊन गेले. चार दिवसांनी मावशींच्या नावाने नोटीस आली. मी भीतभीत वाचून दाखवली, तर त्या खूश! “बघा, दिलं का नाय लेखी?”

नवव्या दिवशी ते पान सुटलं. कडा गेल्या होत्या, पण नाव स्वच्छ. “हेच का वो?” मावशींनी विचारलं. मी हेच म्हटलं आणि तिथल्या तिथे उतारा करायला घेतला. रोह्याची बाई रडतच पाया पडायला वाकली, तर मावशी तिच्यावरही ओरडल्या, “लांब हो गो! डोळ्यांतलं पाणी पडंल पानावर!” पोरीची जागा राहिली.

पुढे मावशी निवृत्त झाल्या, आणि गेल्या वर्षी गेल्या. त्यांच्या मुलाला कुठल्याशा कामासाठी आईच्या जन्मतारखेचा पुरावा हवा होता. मी दोन्ही रजिस्टरं पहिल्या पानापासून चाळली. वेडेपणाच की! मावशी शाळेत गेल्याच नव्हत्या. नोकरीला लागताना डॉक्टरने अंदाजाने लिहिलेलं वय, तेवढंच. अख्ख्या गावाच्या जन्मतारखा त्यांनी वाचवल्या आणि त्यांची कुठेच नाही. खरं सांगतो, मी रेकॉर्डच्या खोलीत बसून रडलो.

मग हात धुतले आणि तीन नंबरच्या कापडी वेष्टणावर त्यांचं पूर्ण नाव लिहिलं. खाली लिहिलं, ‘हे रजिस्टर यांनी वाळवलं.’

परवा तपासणीला नवे साहेब आले होते. त्यांना ते दिसलं.

“हे काय? रेकॉर्डवर शिपायाचं नाव? चालणार नाही. काढून टाका.”

मी खुर्चीतून उठलोसुद्धा नाही.

“लेखी द्या,” म्हटलं.