शिक्षेची वाट बघणारे काका

पुण्यात नियम मोडणारे चौकाचौकात भेटतील; पण मोडण्याआधी लेखी कळवणारा आणि मोडून झाल्यावर शिक्षेची वाट बघत बसणारा माणूस एकच, आणि तो कर्वेनगरातल्या एका सोसायटीत पाचव्या मजल्यावर राहतो. माझी आई त्यांच्याकडे पोळ्या करते, म्हणून ते आमचे काका. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं आणि काखेत कायम एक फाइल. तिच्यात त्यांनी आजवर दिलेल्या नोटिसांच्या प्रती. जवळची बाग सकाळी दहाला बंद होते हे त्यांना पटत नव्हतं, तेव्हा त्यांनी आधी रखवालदाराला पत्र दिलं आणि दहा वाजता बाकावर बसून राहिले. "मी उठणार नाही. आपण मला पकडावं," म्हणाले. रखवालदार म्हणाला, "बसा की मग," आणि फाटकाला कुलूप लावून जेवायला गेला. काका चारला फाटक उघडेपर्यंत उन्हात बसले आणि घरी आले ते पहिल्या नंबराने पास झाल्यासारखे. मला म्हणायचे, "हे बघ, लपून मोडला तर तो नुसता आपला फायदा. सांगून मोडायचा, आवाज चढवायचा नाही, आणि होईल ती शिक्षा घ्यायची." मी आमच्या घरातली पहिलीच कॉलेजात गेलेली. मला हे सगळं फार मोठं वाटायचं. खोटं कशाला बोलू, अजूनही वाटतं. पण मला काकांचा रागही आहे, आणि तो वगळून त्यांच्याबद्दल लिहिणं बरोबर होणार नाही.

गेल्या वर्षी सोसायटीने लिफ्टशेजारी पाटी लावली: घरकामाच्या बायकांनी जिना वापरावा. आईची तिथे चार घरं, सगळी तिसऱ्या मजल्याच्या वर, आणि तिचे गुडघे सुजलेले. त्या लिफ्टमधून फ्रिज जायचे, कुत्री जायची; ज्या बाईच्या हातचं हे लोक रोज खातात, ती तेवढी जायची नाही. आई विनंती करायला गेली, तर अध्यक्ष पेपरातून मान वर न करता म्हणाले, "अहो, जिना काय शोभेला बांधलाय?" आईने हे घरी हसत हसत सांगितलं. मला हसू आलं नाही.

काकांनी लगेच नोटीस दिली: सोमवारपासून रोज सकाळी सात वाजता मी मावशींना घेऊन लिफ्टने वर जाणार, शिक्षा मला व्हावी. आणि खरंच ते रोज खाली येऊन उभे राहायचे. "चला मावशी." ज्यांच्या घरी काम करतो त्यांना नाही कसं म्हणणार? आई अंग चोरून लिफ्टमध्ये शिरायची. चौथ्या दिवशी शिक्षा झाली. काकांना वयाचा मान राखून समज देण्यात आली. आईला गेटवरच अडवलं. चारही घरं एका सकाळीत बंद.

आईने मला फोन केला. मी पोचले तेव्हा काका वॉचमनला सांगत होते, "अहो, ही शिक्षा माझी आहे!" जणू कुणी त्यांचं पार्सल चुकून शेजाऱ्याला दिलं होतं. मला भयंकर संताप आला. आमच्या कॉलेजच्या पुस्तकात सविनय कायदेभंगाची व्याख्या आहे: अन्यायकारक कायदा उघडपणे, अहिंसेने मोडणे व शिक्षा स्वखुशीने स्वीकारणे. शिक्षा दुसऱ्याच्याच वाट्याला आली तर काय, हे पुस्तकात नाही. शेवटी आईच बोलली.

"काका, तुम्ही चेअरमनला कळवलं, वॉचमनला कळवलं. मला इचारलं व्हतं का?"

काकांनी फाइल उघडली आणि तशीच मिटली.

दुसऱ्या दिवशी ते रिक्षा करून आमच्या खोलीवर आले. कॉटच्या कडेला बसले, दिलेलं पाणीही प्यायले नाहीत. "मावशी, तुम्हाला आत घेईपर्यंत मी गेटबाहेर खुर्ची टाकून बसायचं म्हणतोय. मीही घरात जाणार नाही. पण तुम्ही नको म्हणालात तर नाही."

आई भाकरी थापत होती. भाकरी तव्यावर गेली, उलटली, फुगली. मग म्हणाली, "बसा. पर मी बी बसते. अन् नोटीस माझ्या नावानं लिवा. जाईन तर लिफ्टनंच जाईन, असं लिवा."

पत्र मी लिहिलं. सही तिने केली.

पहिल्या दिवशी दोघंच बसली. दुसऱ्या दिवशी बाकीच्या बायका कामावर न जाता शेजारी येऊन बसल्या. कुणी घोषणा दिली नाही. दुपारी अध्यक्षांच्या गॅलरीतून त्यांच्या बायकोचा आवाज मात्र सगळ्यांना ऐकू आला, "अहो, आता तुम्हीच लाटा पोळ्या!" तिसऱ्या दिवशी पाटी उतरली.

पण आईची दोन घरं गेली ती गेलीच. त्यांनी दुसरी बाई बघितली. काकांचं काहीच गेलं नाही. हे त्यांना एकदा तोंडावर सांगायचं मी ठरवून गेले होते. मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "माझं काहीच गेलं नाही गं."

आई अजूनही लिफ्टपाशी अडखळते. आत कुणी साहेब उभे असले की म्हणते, "जावा तुम्ही, मी येते मागनं." काका आत असले तर नुसतं जाळीचं दार हाताने धरून ठेवतात. लिफ्टमधली बाई आर्जवाने सांगत राहते, कृपया दरवाजा बंद करा, कृपया दरवाजा बंद करा. साहेब घड्याळ बघतात. काका दार सोडत नाहीत आणि आईकडे बघतही नाहीत, तिचं ठरेपर्यंत.