बर्फगाडीचा खरा रंग

"भाटवे, पळत या! सापडला! खरा रंग सापडला!"

भाटवे म्हणजे मी, त्याच्या बहिणीचा नवरा. ओरडत होता तो माझा साळा. कन्हानला त्याची ट्रक दुरुस्तीची शेड आहे, तिथे एका लोखंडी गाडीच्या पोटात तो कमरेपर्यंत शिरला होता. बाहेर नुसते दोन पाय, आणि तेही नाचत होते. मे महिना. त्या उन्हात तापलेल्या पान्यावर मी भाकर भाजली आहे. पुरावा मागू नका, खाऊन टाकली.

आणि त्या भट्टीत आम्ही दोघं दुरुस्त काय करत होतो, तर बर्फावर चालणारी लष्करी गाडी! चाकं नाहीत, रणगाड्याला असतात तसे पट्टे, पण हे खाटेएवढे रुंद, म्हणजे गाडी बर्फात रुतू नये. कामठीकडच्या एका भंगारवाल्याकडे ती पडली होती. त्याला वाटत होतं, हे ऊस तोडायचं काहीतरी असावं. मी पाहिली आणि माझ्या छातीत असं धडधडलं की भंगारवाल्याने मला खुर्ची दिली.

कारण ही गाडी मी वर्षानुवर्षं ऐकत आलो होतो. माझे सासरे फौजेत ड्रायव्हर होते. बर्फात, डोंगरावर, अशीच पट्ट्याची गाडी चालवायचे. आता नरखेडकडे संत्र्याची बाग सांभाळतात. बोलणं कमी, दिवसाला जितके शब्द लागतात त्यातलेही अर्धे वाचवून ठेवतात. पण 'ती गाडी' हा विषय निघाला की माणूस तास तास बोलतो. आणि मी? लग्न झाल्यापासून त्यांच्या तोंडून एक 'शाब्बास' ऐकायला तडफडत होतो. त्यांच्या विहिरीवर नवी मोटर बसवून दिली, तर म्हणाले, आवाज करते. प्रताप नगरात घर बांधलं, तर आत फिरून म्हणाले, हवा कमी येते. तेव्हा ही गाडी मी अशी नवीकोरी करून त्यांच्या बागेत उभी करणार होतो की त्यांचे शब्द आपोआप फुटावेत. बायकोने विचारलं, "काहून आणलं हे? नागपुरात बर्फ फक्त रसवंतीत भेटते." मी तिला सांगितलं, तुझ्या वडिलांना कळू देऊ नकोस.

इंजिन साळ्याने दोन आठवड्यांत बोलतं केलं. अडलं ते रंगावर. जुनी गाडी करायची तर रंग खरा पाहिजे, नाहीतर ती गाडी नव्हे, लग्नातला घोडा. सासऱ्यांना विचारलं असतं तर ते म्हणाले असते, काहून पाहिजे? आणि सगळं फुटलं असतं. म्हणून आम्ही शास्त्र लावलं. वरचा रंग पांढरा, पोपडे सुटलेला, हाताला पावडर लागत होती. साळा म्हणाला, हा तर चुना होय, भंगारवाल्याचा प्रताप. खरवडला. त्याखाली हिरवा. मी म्हणालो, इकडे भंगारातलं सगळंच हिरवं असतं, हा कोणीतरी मागाहून मारलेला. तोही पॉलिश पेपरने घासून काढला. मी इतका घासला की माझ्या हातावरच्या रेषा गेल्या. ज्योतिषी आता मला भविष्य सांगत नाही.

आणि मग साळ्याने ती आरोळी ठोकली. इंजिनाच्या झाकणाच्या आतल्या अंगाला, जिथे ऊन नाही, पाऊस नाही, कोणाचा हात नाही, तिथे मळीखाली तळहाताएवढा केशरी डाग! जाड, तेलकट, झळझळीत. मी टॉर्च मारला आणि माझे डोळे भरून आले. साळा म्हणाला, "थर पाहा भाटवे. कंपनीनं सात हात मारले असतील." आणि विचार करा ना, पांढऱ्याशुभ्र बर्फात माणूस अडकला तर लांबून गाडी दिसायला रंग कोणता पाहिजे? केशरी! आम्हाला इतकं बरोबर सुचलं की आम्ही एकमेकांच्या पाठी थोपटल्या.

डागाचा एक पोपडा रुमालात बांधून आम्ही रंगाच्या दुकानात गेलो. दुकानदाराने शेड कार्डावर तो फिरवून फिरवून पाहिला. म्हणाला, हा रंग जास्त करून देवळावाले नेतात. साळा त्याच्यावर असा तडकला की तो गप्प बसून डबे हलवायला लागला. कंप्रेसर लावून आम्ही गाडी रंगवली. उन्हाने रंग गनमधून निघून गाडीवर बसेपर्यंत वाळत होता. पण झाली तेव्हा! कन्हानच्या पुलावरचे ट्रकवाले तिला पाहून हॉर्न वाजवत होते. तो मूळ डाग मात्र आम्ही तसाच ठेवला, वर वॉर्निश मारून. उद्या कोणी विचारलं तर पुरावा नको का?

एका सकाळी ट्रेलरवर चढवून आम्ही ती नरखेडकडे नेली. बागेच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, अर्धं गाव जमलं. एकाने विचारलं, "हे काय होय गा? संत्रा तोडायचं मशीन?" दुसऱ्याने त्यावर सबसिडी किती ते विचारलं. तेवढ्यात पाण्याच्या पाळीवरून सासरे आले. पायजमा गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेला. गाडी पाहिली आणि थांबले. माझा श्वास असा अडकला की माझ्या वाटणीची हवा गावाने वापरली असेल.

त्यांनी गाडीभोवती एक पूर्ण चक्कर मारली. पट्ट्याला हात लावला. दार उघडून सीटवरून हात फिरवला. मग मी मोठ्या तोऱ्यात झाकण उघडलं आणि तो डाग दाखवून सांगितलं, मामाजी, पाहा, कंपनीचा असली रंग, आम्ही शोधून काढला.

सासरे वाकले. उजव्या हाताची पाच बोटं त्यांनी त्या डागावर ठेवली आणि खाली ओढली. तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं की डागात पाच ओरखडे होते.

"हा रंग नाही, जावाई," ते म्हणाले. "शेंदूर होय. दसऱ्याले हत्यारं पुजली का गाडीलेही तेलात कालवून लावत होतो. सगळ्याच गाड्यांले."

गाव हसलं. साळा संत्र्याच्या झाडात अशी काही कीड शोधायला लागला की जणू सरकारने त्याला त्याच कामावर नेमलं होतं. मी उभा राहिलो. डोक्यावर ऊन, पुढे शेंदराने माखलेल्या मारुतीसारखी गाडी.

पण सासरे चिखलाच्या पायांनीच आत चढले. किल्ली फिरवली. इंजिनाने असा हुंकार दिला की झाडावरचे पोपट थेट मध्य प्रदेशात गेले. आणि मग तो माणूस, पंचाहत्तरीचा, ती गाडी घेऊन बागेतून जो सुटला! दोन रांगांमधून, पाटाच्या चिखलातून, जिथे ट्रॅक्टर रुततो तिथून ती तरंगत गेली. वळणावर त्यांनी एक पट्टा धरून दुसरा सोडला आणि गाडी जागच्या जागी गरकन फिरली. पोरं, म्हातारे, कुत्री, सगळे मागे पळत होते. मी सगळ्यांत पुढे. ते ओरडत होते, हसत होते, कोणत्यातरी बर्फातल्या सोबत्याला शिव्या देत होते. लग्नापासून ऐकले नव्हते इतके शब्द मी त्या एका फेरीत ऐकले.

शेवटी त्यांनी गाडी थेट बैलांच्या कोठ्यात नेऊन सावलीला लावली, बैल बाहेर बांधायला लावले, आणि किल्ली बंडीच्या खिशात टाकली. मागितली तर मिळणार नाही, हे दिसतच होतं. माझ्या जिवात पुन्हा जीव आला. मी घाम पुसला आणि विचारलं, "मामाजी, कशी झाली मग गाडी?"

त्यांनी पाय धुवायला तांब्या उचलला.

"हिरवी होती," ते म्हणाले.