एकशे सत्त्याऐंशी चौकोन

नणंदेने भावजयीचं कौतुक केलं की लोक आधी नणंदेची तब्येत विचारतात. विचारू देत. माझी वहिनी शिवणकारखान्यात अकरा वर्षं जमिनीवर बसून धागे तोडत होती, म्हणजे शिवून झालेल्या कपड्यांची लोंबती टोकं कापत होती. मी शेजारीच, काज-बटणाच्या मशीनवर. कापड कापायचं मोठं टेबल मात्र मास्तरांचं. बायकांनी त्याला हात लावायचा नाही, हा त्यांचा कायदा. चौथीत शाळा सुटलेली वहिनी त्या टेबलाकडे बघून म्हणायची, "एक दिवस मी तिथे उभी राहणार." मी हसायचे. चुकलंच माझं.

एका दुपारी चष्म्याचा दुकानदार एक मऊ, महागडं कापड घेऊन आला. चष्मे पुसायला त्याचे चौकोनी तुकडे हवे होते. सगळे सारखे, होतील तेवढे मोठे, आणि चिंधीसुद्धा वाया जायला नको, कारण तसलं कापड आता मिळत नव्हतं. मास्तरांनी टेप लावली. लांबी दोनशे एकवीस सेंटिमीटर, रुंदी एकशे त्रेचाळीस. दोन, तीन, पाच, सात, सगळ्यांनी भागून पाहिलं आणि टेप गळ्यात टाकली.

"या दोन्ही मापांना मिळून कशानेच भाग जात नाही. एकेक सेंटिमीटरचे तुकडे करू? मुंगीचा चष्मा पुसायला?"

दुकानदार कापड गुंडाळू लागला. वहिनी ताडकन उठली. "थांबा. मी कापते."

"धागे तोडता तोडता अक्कलही तुटली का हिची?" मास्तर म्हणाले.

मालक खुर्चीतूनच बोलले, "कापड बिघडलं तर उद्यापासून येऊ नकोस."

"नाही येणार."

तिने टेपला हातही लावला नाही. कापडाचा कोपरा तिरका दुमडून आखूड कड लांब कडेवर आणली, घडीने चौकोन ठरवला आणि कात्री चालवली. एकशे त्रेचाळीसचा भलामोठा चौकोन सुटा झाला. "वाट लावली कापडाची!" मास्तर ओरडले. खरं सांगते, मला तिचा रागच आला.

"ओरडू नका," वहिनी म्हणाली. "जो तुकडा लांबीतही पुरा बसतो आणि रुंदीतही, तो लांबीतून रुंदी काढल्यावर जे उरतं त्यातही पुरा बसायलाच हवा. जाईल कुठे?"

उरलेल्या पट्टीचा तिने तसाच कोपरा दुमडला. अठ्ठ्याहत्तरचा चौकोन निघाला. राहिलेल्यातून पासष्टचा. शेवटी हातात एक अरुंद पट्टी उरली. तिचे एक, दोन, तीन, चार, पाच चौकोन झाले आणि मागे काही म्हणजे काही उरलं नाही.

मास्तरांनी टेप लावली. तेरा. तेराने भागून पाहायचं त्यांना सुचलंच नव्हतं.

मग तिने तो छोटा चौकोन मोठ्यांवर ठेवून मोजला. पहिल्याच्या एका बाजूला अकरा, दुसऱ्याच्या सहा, तिसऱ्याच्या पाच. कुठेही कमी नाही, जास्त नाही. सगळे मिळून एकशे सत्त्याऐंशी चौकोन, आणि टेबलावर एक चिंधी नाही.

"शाळेत याला मसावि म्हणायचे," दुकानदार म्हणाला. "महत्तम साधारण विभाजक. जिने दोन्ही संख्यांना पुरा भाग जातो, अशी सगळ्यात मोठी संख्या."

"म्हणू देत," वहिनी म्हणाली.

मालक खूश झाले. "छान. उद्यापासून असं काही आलं की तू घडी घालून दाखव, मास्तर कापतील."

वहिनीने मोठी कात्री त्यांच्यापुढे आपटली. "अकरा वर्षं खाली बसून बघितलंय मी. कापेन तर मीच. नाहीतर ही कात्री तुम्हाला लखलाभ, आणि धागे तोडायला दुसरी शोधा."

"माझं पुढचं कापड यांच्याच हातात द्या," दुकानदार म्हणाला.

वहिनीने कात्री उचलली, कोपऱ्यातला पुढचा गठ्ठा आणून टेबलावर टाकला आणि म्हणाली, "मास्तर, जरा सरका."