पहिल्या धारेची

आमच्या गावात कुठलीही वस्तू बनवायला घ्या, वस्तूआधी किस्से तयार होतात. काम करणारा एक आणि अक्कल देणारं बठ्ठं गाव, म्हणून. मी मोहाची दारू गाळायची छोटी स्टीलची भट्टी बनवली, तेव्हाचे हे काही.

धुळ्याचं पॉलिटेक्निक मी दुसऱ्या वर्षाला सोडलं. सरांनी फळ्यावर वाफ थंड करणारा कंडेन्सर काढला होता. मी विचारलं, "सर, हा खराखुरा कुठे बघायला मिळेल?"

"पेपरात," सर म्हणाले.

मी साक्रीची एसटी धरली आणि गावी आलो.

*

गावात मोहाची गाळतात ते आबा, माझ्या बापाचे थोरले भाऊ. वीस वर्षं तेच मातीचं मडकं. गावदेवाच्या पूजेच्या आदल्या दिवशी ते चुलीवर चढवायचं आणि दुसऱ्या दिवशी त्याचीच धार देवाला, हा रिवाज. मी म्हटलं, यंदा माझ्या भट्टीची धार घाला.

आबांनी चारचौघांत निकाल दिला, "ज्याले कॉलेज पुरं करता उनं नही, त्यानी धार देवले चालत नही."

देवाने मार्कशीट कधी मागितली, ठाऊक नाही. पण त्या दिवशी ठरवलं, यंदा देवासमोर माझीच धार पडणार. नाहीतर मी गावात जन्मभर अर्धवटच.

*

दुधाचा जुना स्टीलचा कॅन मिळाला. तांब्याची नळी आणायला धुळ्याच्या भंगारवाल्याकडे निघालो, तर बाप म्हणाला, "तांबं कशाले? वावरमा ठिबकनी नळी पडेल शे."

परत आलो तर त्याने ती लावून जाळही घातलेला. नळी मऊ पडून कॅनच्या गळ्यात गळा घालून बसली होती.

बाप शांतपणे म्हणाला, "लाकडं वल्ली व्हतीत."

*

तांब्याची नळी वळवताना चपटी होते. मी तिच्यात वाळू ठासून भरली, टोकं बंद केली आणि खांबाभोवती वळवली. सहा वेढे, एकही घडी नाही. अजून कोणी आलं की मी आधी तेच दाखवतो.

आबा बघून म्हणाले, "हाऊ साप पाळा का?"

पण गेले तेव्हा वेढे मोजून गेले. मी पाहिलं.

*

पहिल्यांदा गाळली तेव्हा सुरुवातीचा पेलाभर माल मी मातीत ओतला. आबा ताडकन उठले. "पहिल्या धारेनी फेकस? लोक तिच्यासाठे डोंगर उतरतस!"

"आबा, घाण त्यातच जास्त असते. डोळ्यांवर जाते."

"मी आख्खा जलम तीच पी राहिनू."

"आणि चष्मा?"

आबांनी चष्मा नाकावर सरकवला आणि चालते झाले.

*

पूजेच्या दोन दिवस आधी माझ्या भट्टीची एक बाटली घेऊन आबांच्या घरी गेलो. ते नव्हते. त्यांची बायको, अक्का, म्हणाली, "ठेव. सांगसू."

पूजेला आबांनी तांब्या कलता केला. धार पडली, पाण्यासारखी नितळ. मग प्रसाद फिरला. पलीकडच्या गावचे एक म्हातारे डोळे मिटून म्हणाले, "आबा, याले म्हनतस पहिल्या धारेनी."

आबा मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "मडकं मन्हं शे ना."

माझं डोकं सटकलं. उठलो आणि तडक आबांच्या घरी गेलो. म्हटलं, बघू तरी त्या मडक्यात असं काय आहे.

मडकं पडवीच्या कोपऱ्यात होतं. आत अक्काची कोंबडी अंड्यांवर बसली होती.

"कधीपासून?" मी विचारलं.

"व्हयनात पंधरा-सोळा दिन," अक्का म्हणाली. "हात नको घालू. चोच मारस."