आसारामच्या दाताची तराई

मुरमुऱ्याचा लाडू माह्या हातचा होता, म्हनून ही गोष्ट सांगाचा हक्क बी माहाच. पाक थोडा जास्त झाला होता, कबूल. पन ज्या मानसानं तीस वर्षं वैनगंगेत जाळं फेकलं, फेकताना त्याची शिसं लावलेली कड दातात धरली, त्याचा समोरचा दात लाडवानं तुटावा, यात लाडवाचा काय गुन्हा?

आसाराम माहा देवर. कारध्याले नदीकाठी आमचं घराले घर लागून. फेकाच्या जाळ्याचं असं असते, दोन हात कमी पडतात, तिसरा हात म्हंजे दात. दातांनी बरोबर वक्ताले कड सोडली का जाळं हवेत गोल उघडते. दात नाई तर जाळं नाई, अन् जाळं नाई तर आसाराम नाई. मंग तो ओट्यावर बसून लोकांच्या म्हशी मोजते.

बेबीबाई त्याची बायको. तिनं त्याले पूल ओलांडून भंडाऱ्याले नेलं, दाताच्या डॉक्टर करुणा मॅडमकडं. मॅडमनं मुळाचं काम केलं, उरलेला खुंट घासला अन् वरून दाताच्या रंगाची टोपी आनली.

"मॅडम, टोपी तं घालून नाई राहिल्या ना मले?"

"घालूनच राहिली काका, पन सांगून. चिकटवाले रेझिन सिमेंट हाय. सांभाळलं तर दहा-पंधरा वर्षं पाहाचं काम नाई." तिनं सिमेंट कडक कराले निळा दिवा धरला अन् अर्ध्या मिनिटात म्हने, "झालं. पक्कं."

घोटाळा इथंच झाला. पान्याच्या दिवसांत मासोळी बंद असली का आसाराम गवंड्याच्या हाताखाली जाये. घरी येऊन मले म्हने, "वहिनी, अर्ध्या मिनिटात तर सिमेंटच्या पोत्याचं तोंड नाई सुटत! नवी पोरगी हाय. तराई सांगालेच विसरली."

तराई म्हंजे नव्या बांधकामावर रोज पानी मारतात, ते. मंग काय, आमच्या देवरसाहेबानं एकवीस दिवस तोंडात पानी धरलं. सकाळी घोट, दुपारी घोट, दिवे लागले का घोट. गाल फुगवून गावभर फिरे. कोनी राम राम घातला का नुसता हात वर.

बेबीबाई मले म्हने, "जाऊबाई, लग्नाले अठ्ठावीस वर्षं झाली, माहं बोलनं आता कुठं पुरं होऊन राहिलं. लाडू करा ना अजून. तसेच करजा."

तराई संपली. पन भार? "नव्या स्लॅबवर कोनी लगेच मजला चढवते का, वहिनी?" म्हनून जाळ्याची कड बाजूच्या खऱ्या दातांत. तंबाखू-सुपारीचा खर्रा खऱ्या दातांनी. बोकडाचं हाड खऱ्या दातांनी. टोपीवाल्याले मऊ ब्रश, बाकीच्यायले राखुंडी.

मी म्हनलं, "काहून रे, घरचे लेकरं उपाशी अन् पाहुन्याचे लाड?"

तर म्हने, "बाकीचे फुकटात भेटले वहिनी. हा आनलेला हाय."

अशी अकरा वर्षं गेली. त्याचा स्लॅब नवाच. अन् खरे दात? दोन खर्ऱ्यानं गेले, दोन हालून हालून पडले, एक तर जाळ्यासंगंच नदीत गेला. मासोळ्यायनंच वापस घेतला असन. गेल्या दिवाळीले वरच्या जबड्यात समोर एकटाच उभा होता. टोपीवाला.

बेबीबाई म्हने, "आता जाळं खुंटीले टांगा."

आसाराम दोन दिवस ओट्यावर बसला. म्हशी बी नाई मोजल्या. तिसऱ्या दिवशी माह्यापाशी आला, "वहिनी, मॅडमकडं चालता का? एकट्यानं इचाराले भेव लागते."

गेलो. मॅडमनं आरसा घालून पाहिलं, टकटक केलं. "काका, सिमेंट तसूभर नाई हाललं."

"तराई केली होती," आसाराम म्हने.

"काय केली?"

"काई नाई मॅडम," मी म्हनलं, "तुमी पुढं सांगा."

"मंग यानं जाळं धरू का?" आसारामनं इचारलं.

"नका धरू. सिमेंट नाई सुटनार, पन खालचा खुंट तुमचा हाय. तो तुटला का टोपी कशावर बसवू? कवळी करून देते."

"कवळी जाळ्यासंगं नदीत जाईन, मॅडम."

येताना पुलावर आसाराम थांबला. खाली पानी पाहून म्हने, "म्हंजे सिमेंट पक्कं, मीच कच्चा. असंच म्हनली ना मॅडम?" मले थट्टा सुचली नाई. अशी येळ माह्यावर कमीच येते.

दुसऱ्या सकाळी तो जाळं घेऊन नदीवर. मांग बेबीबाई, तिच्या मांग मी. त्यानं कड उचलली, त्या एका दातात धरली, अन् बेबीबाईनं माहा हात एवढा दाबला का बांगडी रुतली. आसाराम कंबरेतून फिरला. जाळं गेलं, हवेत गोल उघडलं, पान्यावर बसलं.

तो आमच्याकडं वळला तो हासूनच. दात जागेवर.

जाळ्यात निघाल्या दोन बोटभर मासोळ्या अन् एक चप्पल. पन चेहरा असा का मगर धरली.

"पाहा वहिनी! तराईचं काम हाय हे!"

मॅडमचं शिक्षन, निळा दिवा, रेझिन सिमेंट, सगळं त्या एकवीस दिवसांच्या पान्यात गेलं. मी तोंड उघडलं तोवर त्यानं वाकून ओंजळभर पानी घेतलं, तोंडात भरलं अन् गाल फुगवून उभा राहिला. आज पहिल्यांदा भार टाकला ना, तराई पाहिजेच.

बेबीबाईनं पदर खोचला अन् बोलाले सुरुवात केली. अकरा वर्षांचं साचलं होतं.