टर्बो वर की मागे

गॅरेजमधले किस्से कोणी जमवत नाही. गाडीचे तोंड उघडलेले असते, हात तेलाने माखलेले असतात, कोणीतरी एक वाक्य बोलून जातो आणि काम पुढे चालू राहते. काही वर्षांनी ध्यानात येते की गाडी कोणाची होती हेही आठवत नाही, वाक्य मात्र राहिले आहे. उमरग्याच्या हमरस्त्यावरील शिवाप्पांच्या गॅरेजातली अशी पुष्कळ वाक्ये माझ्यापाशी राहिली. रस्ता रुंद झाला, गॅरेज गेले. हल्ली मी सायंपूजेला वेळेआधीच घरी पोहोचतो, कारण वाटेत थांबायला जागा नाही.

मी तांत्रिक शाळेत वर्कशॉप शिकवत असे. शाळा सुटली की शिवाप्पांकडे जाई, वेल्डिंगचे काही असेल तर करी आणि दिवेलागणीच्या आत निघे. शिवाप्पा मालक. घरची भाषा कानडी, गळ्यात लिंग, कपाळी विभूती लावल्याशिवाय ते पान्याला हात लावत नसत. सास्तूरचा नागनाथ त्यांच्याच हाताखाली शिकला आणि पुढे त्यांच्या बरोबरीने काम करू लागला. शेजारच्या शेडमध्ये इरफानभाई डेंटिंग-पेंटिंग करत. एवढीच आमची मंडळी.

नागनाथाने एक जुनी पेट्रोल गाडी घेतली होती. तिला टर्बो बसवून शर्यतीच्या तोडीची करायची, हा त्याचा ध्यास. शर्यतीच्या गाड्या तयार करणाऱ्या पुण्याच्या एका वर्कशॉपने त्याला निरोप दिला होता की, स्वतःच्या डोक्याने टर्बो बसवलेली गाडी दसऱ्याला चालवत घेऊन ये, नोकरी तुझी.

शिवाप्पांचे म्हणणे, टर्बो वर, इंजिनापाशी बोनेटखाली बसवावा. नागनाथाचे म्हणणे, मागे, डिकीच्या खाली. वर बसला तर ते डोके शिवाप्पांचे ठरणार होते, आणि दुसऱ्याची कल्पना आपली म्हणून दाखवणारा नागनाथ नव्हता. म्हणजे टर्बो मागे चालला तर तो पुण्याला जाणार, वर बसला तर उमरग्यात राहणार. हे सर्वांना माहीत होते. त्यावर कोणी बोलत नसे. सगळे फक्त टर्बोवर बोलत.

*

एकदा ट्रॅक्टर दुरुस्तीला घेऊन आलेले एक वयस्कर शेतकरी आमचा वाद ऐकत बसले होते. टर्बो म्हणजे काय, असे त्यांनी मला विचारले. इंजिनाने बाहेर टाकलेल्या धुराच्या जोरावर ते चालते आणि इंजिनाला जास्त ताकद देते, असे मी सांगितले.

त्यांचा चेहरा उतरला. "म्हंजे सर, आपलंच उष्टं परत आपणच खायचं?"

मी पुन्हा नीट समजावले. धूर आत जात नाही. धुराने फक्त एक चाक फिरते, त्या चाकाला जोडलेले दुसरे चाक बाहेरची स्वच्छ हवा इंजिनात कोंबते.

मग काकांचे समाधान झाले. "असं म्हणा की. टाकलेल्या श्वासावर गिरणी."

पुढे वर्गात मी टर्बो त्याच वाक्याने शिकवला. पाठ्यपुस्तकातली व्याख्या मुले विसरत, हे वाक्य विसरत नसत.

*

टर्बो यायला अवकाश होता. तो कुठे मावेल हे पाहायला त्याच्या आकाराची वस्तू हवी होती. मी नुकताच तुळजापूरहून आलो होतो. नागनाथाची नजर माझ्या पिशवीतल्या नारळावर गेली. देवीचा नारळ सायलेन्सरला लागणार नाही, असे मी त्याला सांगितले. तेव्हा शिवाप्पांनी घरी निरोप धाडून स्वयंपाकातला नारळ मागवला.

नागनाथाने तो सुतळीने डिकीखाली बांधून दाखवला. ऐसपैस मावला. मग शिवाप्पांनी इंजिनावर ठेवला. बोनेट चार बोटे उघडे राहिले. थोडे दाबले की बसते, असे शिवाप्पांचे मत पडले. इरफानभाईंनी दोन्ही तळहातांनी जोर दिला. आतून आवाज आला आणि पाणी बॅटरीवर सांडले.

नागनाथ म्हणाला, "अण्णा, नारळ फुटला. शुभारंभ झाला म्हणायचा."

"झाला," शिवाप्पा म्हणाले. "पण वर झाला, ध्यानात ठेव."

*

वाद मात्र दोघांचाही खरा होता. नागनाथ म्हणे, उमरग्याच्या उन्हाळ्यात बोनेटखाली आधीच एक चूल पेटलेली असते, तिथे दुसरी कशाला मांडता? मागे वारा लागतो, टर्बो थंड राहतो. शिवाप्पा म्हणत, मागून पुढे हवा आणायची म्हणजे गाडीभर पाइप. पायडल दाबल्यावर हवा येणार कधी? "तुझी गाडी पळंल, व्हय. पण आधी विचार करून पळंल."

इरफानभाईंना दोन्ही बाजू पटत. वर बसवायचे तर बोनेट कापावे लागणार, एवढीच त्यांची अडचण. ते बोनेट त्यांनी स्वतः रंगवले होते.

"बोनेट काटना है तो पहले मेरे कू काटो," असे त्यांनी जाहीर केले आणि तिसरी जागा सुचवली. टपावर.

पावसाचे काय, असे शिवाप्पांनी गंभीरपणे विचारले.

"छत्री लगाव. छत्री मैं पेंट कर देता."

*

शिवाप्पा एकदा सीमेपलीकडे मेहुण्याच्या गावी गेले होते. मी गॅरेजात एकटा होतो. त्यांचा फोन आला. आवाज तुटत होता आणि घरच्या माणसांत बसलेले असल्याने ते कानडीत बोलत होते. माझे गाव तेर. कानडी मला येत नाही. खरखरीतून एकच शब्द कानी पडला, तोही पुन्हा पुन्हा. "मेले. मेले. सर, मेले!" मग फोन बंद पडला.

नागनाथ आल्यावर मी त्याला सांगितले की, शिवाप्पांच्या मेहुण्यांचे काहीतरी बरेवाईट झाले आहे. त्याने शब्दही न विचारता शटर ओढले. मी घरी जाऊन पांढरे कपडे घातले. मोटरसायकलवरून आम्ही त्या गावी पोहोचलो, तेव्हा ओट्यावर शिवाप्पा आणि मेहुणे शेंगापोळी खात बसले होते. मेहुण्यांची तब्येत चांगली होती.

कानडीत मेले म्हणजे वर. टर्बो वरच कसा मावतो, ते तिथल्या एका गाडीत पाहून शिवाप्पांना राहवले नव्हते.

माणूस कोणत्या भाषेत बोलतो आहे ते आधी पाहावे, रडावे नंतर. हे मी तेव्हापासून पाळतो. मेहुण्यांनी आम्हाला आग्रहाने वाढले आणि हात धुताना मला हळूच म्हणाले, "सर, खरंच जाईन तवा बी असंच लगेच या."

*

टर्बो आला. पहिली पाळी नागनाथाला द्यायची, हे शिवाप्पांनीच ठरवले. त्याने तो डिकीखाली टांगला, पाइपांचे वेल्डिंग मी केले. गाडी सुरू झाली आणि मागून जो पांढरा धूर निघाला त्याने हमरस्ता दिसेनासा झाला. समोरच्या भजीवाल्याने कढईवर झाकण ठेवले. एक बाई पदर नाकाला लावून विचारत आली की, डेंग्यूच्या फवाऱ्याची गाडी हीच का?

कारण साधे होते. टर्बोला इंजिनातून तेल लागते आणि ते परत इंजिनात जावे लागते. टर्बो वर असला तर तेल आपोआप खाली उतरते. मागे तो इंजिनापेक्षा खाली टांगलेला. तेल तिथेच साचले, गळले आणि जळले.

शिवाप्पांनी इंजिन बंद केले. नागनाथाच्या शेजारी उकिडवे बसले. त्यांच्या बोलण्यात जिंकल्याचा सूर नव्हता. "तेल चढावर चढत न्हाय बाबा. तुझ्यासाठी बी न्हाय."

नागनाथाने मान हलवली. दसरा झाला की टर्बो वर घेऊ, पुण्याला नाही म्हणून कळवतो, असे तो म्हणाला आणि सणाला सास्तूरला गेला. इरफानभाईंनी बोनेटवर कुठे कापायचे तिथे खडूने रेघ ओढली आणि पाठ फिरवून उभे राहिले. शिवाप्पांच्या मनासारखे झाले होते. त्या दिवशी त्यांनी चहा अर्धाच प्यायला.

*

खंडेनवमीला शिवाप्पा हत्यार उचलत नसत. पाने, हातोडे, जॅक, सगळे धुऊन चौरंगावर मांडत. पूजा झाली की दसरा सरेपर्यंत कोणालाही साधा स्क्रूड्रायव्हर उचलू देत नसत. एका वर्षी त्या दिवशी एक बडा कंत्राटदार बंद पडलेली गाडी ओढत घेऊन आला. शिवाप्पांनी त्याला प्रसाद दिला आणि दुसऱ्या गॅरेजचा पत्ता दिला.

टर्बोच्या वर्षी मी सकाळी फुले घेऊन पूजेला गेलो. चौरंग मांडलेला होता, हळदकुंकू वाहिलेले होते. पण पान्यांच्या ओळीत एक जागा रिकामी होती. नागनाथाच्या गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले दिसले. शेजारी हैदराबादच्या बसने आलेले पार्सल फोडलेले पडले होते. त्यात विजेवर चालणारा एक लहान पंप होता, साचलेले तेल ओढून चढावर नेणारा. तो मागवल्याचे शिवाप्पांनी आम्हाला सांगितले नव्हते.

त्या दिवशी काय करावे आणि काय करू नये, हे मला ठाऊक आहे आणि एरवी मी ते बोलून दाखवतो. चौरंगावर जे होते त्याची मी पूजा केली.

दुपारी नागनाथ गाडीसाठी झेंडूचा हार घेऊन आला. शिवाप्पांनी त्याच्या हातात किल्ली ठेवली आणि एकदा सुरू कर म्हणाले. गाडी सुरू झाली. इरफानभाई, मी आणि शिवाप्पा सायलेन्सरकडे बघत उभे राहिलो. धूर नव्हता. नागनाथ टोलनाक्यापर्यंत जाऊन आला. येताना गाडीचा आवाज आम्हाला दुरूनच ऐकू आला, आणि तो वेगळा होता.

तो उतरला. सणाच्या नव्या कपड्यांनिशी जमिनीवर आडवा झाला, गाडीच्या मागच्या बाजूला खाली पाहिले आणि बराच वेळ उठला नाही. उठला तेव्हा त्याने शिवाप्पांच्या हातांकडे पाहिले. ते तेलाने काळे झाले होते.

"अण्णा," तो म्हणाला, "आज खंडेनवमी हाय."

"व्हय," शिवाप्पा म्हणाले. "उद्या जाताना स्पीडब्रेकरला हळू घे. मागं लई खाली आलंय."