डावा पाय भरायला लागला तेव्हा

स्लॅबवर वाळत घातलेल्या कुरडया गोळा करताना मी मागं मागं सरत गेले आणि कठडा नसलेल्या कडेवरून खाली पडले. पाठीचा मणका मोडला, आतल्या मज्जारज्जूला मार बसला. बारामतीत ऑपरेशन झालं. शेळगावला घरी आले तेव्हा कमरेखालचं काहीच माझं राहिलं नव्हतं. पाय दिसायचे, पण कुणी धरले तरी कळायचं नाही.

दवाखान्यात रोज पोटात एक इंजेक्शन द्यायचे, रक्त पातळ राहावं म्हणून. घरी येताना त्याचा एक खोका दिला. ह्यांनी टोचायला शिकून घेतलं. खोका संपला आणि आम्हाला वाटलं, कोर्स संपला.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्या रोज सकाळी तेल कोमट करून माझे पाय चोळायच्या. पाय वाळून काडीसारखे झाले होते. त्यांचे हात वरखाली जाताना मी नुसती बघत राहायची.

एके दिवशी त्या ओरडल्याच, "अगं, डावा भरतोय की!"

मी वर्षानुवर्षं ब्लाऊज शिवलेली बाई. मापं घ्यायची टेप मागून घेतली आणि आत्यांकडून दोन्ही पोटऱ्या मोजून घेतल्या. डावी खरंच जाड झाली होती. हे टोमॅटोच्या रानातून चिखलाच्या पायांनी धावत आले. शेजारणीनं माझ्या हातावर साखर ठेवली.

"जरा गरम लागतोय," हे म्हणाले.

"रगात खेळाया लागलं, दुसरं काय!" आत्या म्हणाल्या.

मीही हसले. पण एकच पाय का भरावा, हे काही कळेना. आणि पायात जीव येतोय, तर मला कसं जाणवत नाही?

दोन दिवसांनी इंदापूरहून व्यायाम करवून घेणारी मुलगी आली. तिनं चादर बाजूला केली, पायाला हात लावला आणि झटकन मागं घेतला.

"हा पाय कोण चोळतं?"

"मीच," आत्या कौतुकानं म्हणाल्या.

"आता अजिबात चोळू नका. शिरेत रक्ताची गाठ झाली असेल तर ती सुटून फुप्फुसात जाईल. लगेच बारामतीला न्या."

"पण मला तर काय दुखत न्हाय," मी म्हणाले.

"ताई, तुम्हाला दुखणार कसं?"

 माझाच पाय मला काही सांगत नव्हता.

गाडीत माझा पाय हादरू नये म्हणून आत्यांनी तो धरला. मग धरणं म्हणजे हात लावणंच की काय, असं वाटून सोडला. पुन्हा धरला. बारामतीपर्यंत त्यांचं तेच चाललं होतं.

सोनोग्राफीत मांडीच्या शिरेत गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, पाय हलत नाहीत म्हणून रक्त साकळतं, आणि सुरुवातीचे महिने जास्त जपायचे असतात.

"इंजेक्शन बंद का केलं?"

"खोका संपला," हे म्हणाले.

डॉक्टरांनी आमच्या फायलीतल्या एका ओळीवर बोट ठेवलं. इंजेक्शन पुढं चालू ठेवा, असं लिहिलेली ती ओळ इंग्रजीत होती. आमच्यापैकी कुणालाच ती लागली नाही.

मग रक्त पातळ करायच्या गोळ्या सुरू झाल्या. आता हिरड्यांतून रक्त आलं, लघवी लाल झाली, तर लगेच कळवा म्हणाले. काल रक्त गोठलं म्हणून घाबरायचं, आज थांबणार नाही म्हणून. मी मान हलवत राहिले.

काही महिन्यांत सूज उतरली. पुन्हा तपासणी केली तेव्हा गाठ विरत आली होती. डॉक्टर खूश झाले. आत्या मात्र माझ्या वाळक्या पायाकडं बघून डोळे पुसत होत्या. निघताना त्यांनी विचारलंच, "सायेब, माझ्या चोळण्यानं झालं का हे?"

"चोळण्यानं गाठ होत नाही, आजी. पण झाल्यावर चोळणं धोक्याचं होतं."

परतीच्या वाटेवर आत्या माझ्याकडं वळल्या.

"म्हंजी माजं चुकलं, का न्हाय चुकलं?"

मी ह्यांच्याकडं बघितलं. हे समोरच्या रस्त्याकडं बघत होते.  

"आत्या," मी म्हणाले, "तुमच्या हातानं जरा पाणी द्या."